फोन न करता येता आलं पाहिजे : अपंग तरुणांसोबत सार्वजनिक जागेची पाहणी कशी करावी

वाचनालय, नाट्यगृह, जलतरण तलाव, वस्तुसंग्रहालय यांच्या माहितीपत्रकात बरेचदा एक ओळ असते : ‘व्हीलचेअरवरून येणाऱ्यांनी कृपया आधी संपर्क साधावा.’ लिहिणाऱ्याचा हेतू चांगलाच असतो. पण सोळा-सतरा वर्षांची मुलं साडेपाचला ठरवतात आणि सहाला निघतात. त्यांच्यातल्या एकालाच आदल्या दिवशी परवानगीसारखा फोन करावा लागत असेल, तर पुढच्या वेळी त्याला कुणी विचारत नाही. किंवा तोच ‘मला काम आहे’ म्हणून टाळतो.

म्हणून या पाहणीत एकच कसोटी धरा. अपंग तरुणाला आधी न कळवता, आई-वडिलांना सोबत न घेता, मित्रांच्या बरोबरीनं इथे येता येतं का? रॅम्प आहे का, लिफ्ट आहे का, हे प्रश्न त्याच्या पोटात येतात. नुसती ‘आहे / नाही’ अशी यादी घेऊन फिरलात तर सगळीकडे बरोबरच्या खुणा होतील आणि तरीही तिथे एकही अपंग मूल दिसणार नाही.

(शब्दाबद्दल एवढंच : या लेखात ‘अपंग’ म्हटलं आहे. काहींना ‘दिव्यांग’ बरा वाटतो, काहींना तो अजिबात खपत नाही. तुमच्या अहवालात काय लिहायचं ते गटातल्या मुलांनाच विचारा.)

गट आणि वेळ

‘शहरातली सार्वजनिक ठिकाणं’ असा विषय घेऊ नका. एक जागा घ्या. शक्यतो मुलं आपणहून जिथे जातात ती : बाग, मैदान, वाचनालय, सिनेमागृह. गट सहा ते आठ जणांचा पुरे. त्यात किमान चार अपंग तरुण हवेत आणि त्यांच्या गरजा वेगवेगळ्या हव्यात : एक व्हीलचेअर वापरणारा, एक पांढरी काठी वापरणारी, एक बहिरा किंवा कमी ऐकू येणारा, एक स्वमग्न किंवा बौद्धिक अपंगत्व असलेली. चौघंही व्हीलचेअरवरचे असतील तर अहवाल फक्त रॅम्पचा होतो. धडधाकट माणसाला तासभर व्हीलचेअरवर बसवून किंवा डोळ्यांवर पट्टी बांधून ‘अनुभव’ देण्याचा प्रकार टाळा. त्याला फक्त पहिल्या तासाची धांदल कळते. रोज खुर्ची चालवणाऱ्याला काय खटकतं, ते कळत नाही.

बाहेरच्या तज्ज्ञाला मानधन देत असाल तर या मुलांनाही द्या. पालकांना फाटकापाशी चहाला बसवा. ते सोबत फिरले की कर्मचारी त्यांच्याशीच बोलतात आणि पाहणी तिथेच फसते.

वेळ निवडताना मुलं कधी मोकळी असतात ते पाहा. संध्याकाळी आणि सुटीच्या दिवशी जा. अंधार पडल्यावर एकदा आणि जमिनी ओल्या असताना एकदा. ‘मंगळवारी सकाळी १० ते ११ शांत वेळ’ अशा सोयी कागदावर छान दिसतात, पण त्या वेळी मुलं शाळा-कॉलेजात असतात.

सामान

पाच मीटरची टेप, एक मीटर लांबीची पाणसळ, सामान तोलायचा हुकाचा स्प्रिंगकाटा, खडू, आणि फोटो व आवाज मोजण्यासाठी मोबाइल. एवढंच.

पाणसळीनं उतार मोजण्याची रीत नीट समजून घ्या, कारण सगळ्यात जास्त वाद इथेच होतात. पाणसळ उताराच्या दिशेनं ठेवा. वरचं टोक जमिनीला टेकू द्या आणि खालचं टोक बुडबुडा मध्यावर येईपर्यंत उचला. आता खालच्या टोकाखाली जेवढी फट राहिली ती मिलीमीटरमध्ये मोजा. फट ८३ मिमी आली तर उतार १:१२, म्हणजे रॅम्पला चालणाऱ्या चढाची कमाल मर्यादा. ५० मिमी आली तर १:२०. हा उतार स्वतःच्या हातांनी खुर्ची ढकलणाऱ्याला खरोखर सोयीचा. १२५ म्हणजे १:८. इथे मागून कुणीतरी धरावं लागतं. एकाच रॅम्पवर तीन ठिकाणी मोजा : तळाशी, मधे, माथ्यावर. सरासरी बरोबर असते आणि तळाचा शेवटचा अर्धा मीटर खडा असतो, असं हमखास सापडतं. आडवा उतारही पाहा; मीटरला २० मिमीपेक्षा जास्त असेल तर खुर्ची सारखी एका बाजूला ओढली जाते आणि एकच हात दमतो.

घरापासून फाटकापर्यंत

पाहणी घरातूनच सुरू होते. मुलांना जागेचं संकेतस्थळ उघडायला सांगा आणि तीन गोष्टी शोधू द्या : पायऱ्या नसलेलं दार कोणत्या बाजूला आहे, टॉयलेट कुठे आहे, आत किती गोंगाट असतो. पाच मिनिटांत सापडलं नाही तर तसं नोंदवा. इथला उपाय सगळ्यात स्वस्त आहे : फाटक, दार, वाट, खिडकी, बसायची जागा, टॉयलेट यांचे क्रमानं आठ-दहा फोटो आणि प्रत्येकाखाली एकेक साधं वाक्य. स्वमग्न मुलांना नवीन जागेची धास्ती असते. आधी डोळ्यांखालून गेलेली जागा अर्धी ओळखीची होते. पण ‘सर्वांसाठी सुगम’ असं मोघम लिहू नका. ‘दारात १५ सेंटीमीटरची एक पायरी आहे’ हे लिहा. ते वाचून यायचं की नाही, हे ज्याचं त्याला ठरवता येतं.

फाटकापाशी दुचाकी आत येऊ नयेत म्हणून लावलेले खांब आणि वळणाचे अडसर असतात. दोन खांबांमधली मोकळी जागा ९०० मिमी हवी. फिरतं फाटक असेल तर शेजारचं साधं दार उघडं आहे का, की त्याची किल्ली ‘साहेबांकडे’ आहे, ते पाहा.

दृष्टिहीनांसाठीच्या उठावाच्या फरश्या जपानमध्ये ओकायामा इथे १९६७ मध्ये पहिल्यांदा रस्त्यावर बसल्या. भाषा दोनच शब्दांची आहे : लांब पट्ट्या म्हणजे ‘चालत राहा’, गोल टिपके म्हणजे ‘थांब, सावध’. बसवणाऱ्या गवंड्याला ही भाषा कुणी सांगितलेली नसते, त्यामुळे त्या नक्षीसारख्या लावल्या जातात. काय पाहायचं : पायऱ्यांच्या साधारण ३०० मिमी आधी टिपके आहेत का, पट्ट्यांची वाट गटाराच्या झाकणाला वळसा घालून विजेच्या खांबावर तर संपत नाही ना, दोन्ही बाजूंना सहाशे मिमी मोकळी जागा आहे का. फरशीचा रंग शेजारच्या जमिनीपेक्षा ठळकपणे वेगळा हवा. अंधूक दिसणारे काठीपेक्षा रंगावर जास्त विसंबतात आणि अशी मुलं पूर्ण अंध मुलांपेक्षा संख्येनं जास्त असतात.

काठी जमिनीवरचं सांगते, छातीपुढचं सांगत नाही. भिंतीतून १०० मिमीपेक्षा जास्त बाहेर आलेला फलक, उघडी खिडकी, जिन्याखालचा तिरका भाग, खाली आलेली फांदी यांची खडूनं खूण करा. डोक्यावर २१०० मिमी मोकळं हवं. उपाय म्हणून फलकाखाली कुंडी ठेवली तरी चालते. काठी कुंडीला अडते आणि डोकं वाचतं.

रॅम्प आणि दार

साधं गणित : जितकी उंची चढायची, त्याच्या बारापट लांबी. १५० मिमीच्या एका पायरीला १.८ मीटर, ४५० मिमीच्या जोत्याला ५.४ मीटर. नऊ मीटरनंतर दीड मीटरचा सपाट थांबा हवाच. जागा नाही म्हणून लांबी छाटली की जे तयार होतं, त्याला रॅम्प न म्हणता घसरगुंडी म्हणावं.

उतार बरोबर असूनही रॅम्प बिघडतो, तो असा. माथ्यावर दार बाहेर उघडतं आणि समोर सपाट जागाच नसते. मग एका हातानं दार ओढायचं आणि दुसऱ्यानं खुर्ची मागे घरंगळू द्यायची नाही, अशी कसरत. तिथे १५०० × १५०० मिमी सपाट हवं. तळाशी गटाराची जाळी असते आणि तिच्या फटी चालण्याच्या दिशेलाच. पुढचं लहान चाक त्यात रुततं आणि माणूस पुढे फेकला जातो. फट १२ मिमीपेक्षा कमी आणि वाटेला आडवी हवी. कडेला ७५ ते १०० मिमीचा उंचवटा नसेल तर चाक बाहेर उतरतं. गुळगुळीत पॉलिशचा दगड कोरडा असताना देखणा दिसतो. त्यावर पेलाभर पाणी ओतून पाहा. कठडा दोन्ही बाजूंना, ९०० मिमीवर, आणि त्याच्या खाली ७०० मिमीवर दुसरा. कठडा आणि भिंत यांत पन्नास मिमी जागा नसेल तर बोटं सोलवटतात.

लाकडी फळी टाकून काम भागवू नका. विजेवरची खुर्ची आणि त्यावरचा माणूस मिळून दोनशे किलोंच्या वर जाऊ शकतात. घडीचा धातूचा रॅम्प घेतलात तर तो तीनशे किलो पेलणारा घ्या, आणि तो कपाटात न ठेवता दारामागे ठेवा. शिवाय बाहेर घंटी हवी, बसल्या जागेवरून हात पोचेल अशी, जमिनीपासून ९०० ते ११०० मिमीवर. घंटी वाजवून कुणीतरी येण्याची वाट पाहायची, म्हणजे कसोटीला अर्धेच गुण, हेही लिहा.

दाराची रुंदी चौकटीची मोजू नका. दार ९० अंशांत उघडा आणि दाराच्या पृष्ठभागापासून समोरच्या चौकटीपर्यंत मोजा. ९०० मिमी उत्तम, ८०० च्या खाली नको. खुर्ची ६५० ची असली तरी चाकं फिरवणारी कोपरं बाहेर असतात. मग स्प्रिंगकाट्याचा हुक मुठीत अडकवून दार ओढा. काटा सव्वादोन किलोंच्या वर गेला तर हातात कमी ताकद असलेल्याला ते दार बंदच आहे. बहुतेक वेळा दार आपोआप लावणाऱ्या दांड्याचा स्क्रू सैल केला की काम होतं, पाच मिनिटांचं. गोल मूठ असेल तर दांड्याची बसवा, कोपरानंही दाबता येते.

आत : बसणं, ऐकणं, दमणं

इथे मित्रांचा मुद्दा खरा येतो. सिनेमागृहात व्हीलचेअरची जागा असते, पण शेजारी एकच खुर्ची, ‘सोबत्यासाठी’. चार मैत्रिणी आल्या तर तिघी वेगळ्या रांगेत. पाहणीत पाच जणांनी एका ओळीत बसून दाखवा. खुर्चीची जागा ९०० × १३०० मिमी असावी आणि ती शेवटच्या कोपऱ्यातच नको. पुढची माणसं उभी राहिली की काय दिसतं, तेही बघा. उपाहारगृहात सगळी टेबलं उंच स्टुलांची असतील तर व्हीलचेअरवरच्या मुलीच्या नाकासमोर टेबलाची कड येते. टेबलाखाली गुडघ्यांसाठी ७०० मिमी उंची हवी आणि मधोमध आडवा पाय नको. बागेतल्या बाकड्याच्या शेवटी एक खुर्ची मावेल एवढी पक्की जमीन केली की काम झालं. बाकडं हलवायचीही गरज नाही. कुबड्या किंवा वॉकर वापरणाऱ्यांसाठी दर पन्नास मीटरला बसायची सोय हवी आणि त्या बाकड्याला पाठ व हात हवेत, कारण उठताना हातांवरच जोर येतो.

बहिऱ्या मुलांचं बोलणं डोळ्यांनी चालतं. लांब बाकड्यावर एका ओळीत बसवलंत तर गप्पाच होत नाहीत. गोलाकार बसायची एक तरी जागा हवी, आणि प्रकाश चेहऱ्यावर हवा, खिडकी पाठीमागे नको. ध्वनिक्षेपकावर जे सांगता ते फलकावर किंवा पडद्यावरही दाखवा. तिकीट खिडकीच्या जाड काचेमागे कर्मचाऱ्याचे ओठ दिसत नाहीत. तिथे पाटी-पेन्सिल ठेवली तरी निम्मं काम होतं. श्रवणयंत्राला थेट आवाज पोचवणारी वायरची लूप बसवलेली असेल तर कानाचं चित्र असलेला फलक पाहून थांबू नका. श्रवणयंत्र वापरणाऱ्याकडून चालू आहे का ते तपासून घ्या. लूप असते, पण बटण बंद असतं आणि ते कुठे आहे हे कुणाला ठाऊक नसतं. कार्यक्रम तासाभराहून लांब असेल तर सांकेतिक भाषेचे दोन दुभाषी लागतात. वीस-तीस मिनिटांनी ते आलटून-पालटून उभे राहतात. सभागृह अंधारं करताना दुभाष्यावरचा दिवा तेवढा चालू ठेवा. ही चूक इतक्या वेळा होते की दिवे सांभाळणाऱ्याच्या टेबलावर चिठ्ठीच चिकटवा.

आगीची सूचना आवाजाबरोबर दिव्यानंही द्यावी, टॉयलेटमध्येसुद्धा. दिवा सेकंदाला तीनपेक्षा जास्त वेळा लुकलुकू नये, कारण काही जणांना त्यानं फिट येऊ शकते. लिफ्टबद्दल दोन गोष्टी : आतलं माप किमान ११०० × १४०० मिमी, आणि मागच्या भिंतीवर आरसा. आरसा नटण्यासाठी नाही. एवढ्या जागेत खुर्ची वळत नाही, आरशात बघत मागे यावं लागतं. आणि व्यवस्थापकाला हा प्रश्न जरूर विचारा : आग लागली, लिफ्ट बंद झाली, व्हीलचेअरवरचा मुलगा दुसऱ्या मजल्यावर आहे, पुढे काय? उत्तर लगेच आलं नाही तर नोंदवहीत कोरी ओळ सोडा आणि खाली वेळ टाका.

गोंगाटानं त्रास होणाऱ्यांसाठी वेगळी खोली दरवेळी लागत नाही. एक कोपरा, मंद दिवा, भिंतीकडे पाठ करून बसता येईल असं आसन आणि बाहेर जाऊन पुन्हा आत यायची मुभा. तिकीट फाडल्यावर परत आत सोडत नाहीत, हा नियम इथे सगळ्यात जास्त नडतो. आणि खोली केलीत तर तिचं कोठार होऊ देऊ नका.

टॉयलेट

दिवसभराचा बेत यावर ठरतो. सोय नाही म्हणून सकाळपासून पाणी न पिणारी मुलं तुमच्या गटातच असतील, विचारा.

आत १५०० मिमी व्यासाचं मोकळं वर्तुळ हवं. खडूनं काढून पाहा, कचऱ्याचा डबा आणि बादल्या त्यात येतातच. भांड्याची उंची ४५० ते ४८० मिमी, म्हणजे खुर्चीच्या आसनाशी मिळती. भांड्याच्या एका बाजूला ९०० मिमी मोकळं, कारण खुर्ची तिथे लावून आडवं सरकायचं असतं. त्या बाजूचा आधाराचा दांडा वर उचलता येणारा हवा, दुसऱ्या बाजूचा भिंतीला पक्का. दांडा धरून पूर्ण वजन टाकून पाहा. पोकळ भिंतीत नुसत्या प्लास्टिकच्या गुल्ल्यांवर बसवलेला दांडा पहिल्या झटक्याला निघतो. दार बाहेर उघडावं किंवा सरकतं असावं. आत उघडणाऱ्या दाराआड कुणी पडलं तर दार उघडतच नाही.

मदतीची लाल दोरी जमिनीपासून शंभर मिमीपर्यंत लोंबती हवी. ती झाडताना मधे येते म्हणून गाठ मारून वर बांधलेली असते. पडलेल्या माणसाचा हात तिथे पोचत नाही. ओढून पाहा आणि कोण येतं, किती वेळात, ते घड्याळात बघा. कित्येक ठिकाणी घंटी वाजते ती रिकाम्या खोलीत.

लहान बाळाचे लंगोट बदलायची फळी बऱ्याच ठिकाणी असते. पंधरा-वीस वर्षांच्या ज्या मुलांना कपडे बदलायला आडवं व्हावं लागतं, त्यांच्यासाठी काहीच नसतं. मग टॉयलेटच्या फरशीवर निजवतात. यावर ब्रिटनमध्ये ‘चेंजिंग प्लेसेस’ या नावानं रुळलेली रचना अशी : ३ × ४ मीटरची खोली, मोठ्या माणसाच्या मापाचा वर-खाली होणारा बाक, उचलायचं यंत्र, मधोमध भांडं, पडदा. प्रत्येक इमारतीत हे जमणार नाही. पण मोठी बाग, क्रीडासंकुल, स्थानक इथे मागायला कचरू नका.

माणसं आणि नियम

गटातल्या एकेकाला एकट्याला खिडकीपाशी पाठवा, इतरांनी लांबून पाहा. ‘कुणाबरोबर आलास?’ हा पहिला प्रश्न आला की टिपून ठेवा. न विचारता खुर्ची ढकलणं, अंध मुलीचा दंड धरून ओढणं (तिला आपलं कोपर धरू द्यायचं असतं), वीस वर्षांच्या मुलाला ‘बाळ’ म्हणणं, हे सगळं मायेपोटीच होतं, म्हणून सुधारायला अवघड. दोन तासांचं प्रशिक्षण या मुलांकडूनच द्या. पहारेकरी आणि सफाई कामगारांपासून सुरुवात करा, कारण दारात आणि टॉयलेटपाशी तेच भेटतात. नोकरवर्ग बदलतो, त्यामुळे दर सहा महिन्यांनी पुन्हा.

लेखी नियम मागून घ्या. ‘अपंग व्यक्तीसोबत पालक आवश्यक’ असं असेल तर ते सज्ञान माणसालाही मूल ठरवतं, काढायला लावा. ज्याला मदतनीस लागतो त्याच्या मदतनिसाचं तिकीट माफ असावं, पण मदतनीस आणलाच पाहिजे अशी सक्ती नसावी.

अहवाल आणि पाठपुरावा

सापडलेल्या गोष्टींचे तीन ढीग करा. पहिला, आज होणारा : दोरीची गाठ सोडणं, बादल्या हलवणं, दाराचा स्क्रू, फांदी, फोटोंची माहिती. दुसरा, महिनाभरात : पायऱ्यांच्या कडांना ५० मिमीच्या ठळक पट्ट्या, दांडे, घंटी, प्रशिक्षण. तिसरा, बांधकामाचा. पहिला ढीग त्याच दिवशी व्यवस्थापकासोबत उभं राहून संपवा. तिसरा मागण्याचा तुमचा वकूब त्यानं वाढतो. उलट रॅम्पपासून सुरुवात केलीत तर ‘निधी नाही’ या एका वाक्यात दोरीची गाठसुद्धा तशीच राहते.

पत्रात ‘गैरसोय होते’ लिहू नका. लिहा : ‘उत्तरेकडच्या रॅम्पच्या तळाशी मीटरला १४० मिमी चढ आहे, ८३ हवा, फोटो क्र. ४, अमुक तारखेपर्यंत कळवावं.’ आकड्याला ‘बघू’ म्हणणं अवघड जातं. आधार म्हणून संयुक्त राष्ट्रांचा २००६ चा अपंग व्यक्तींच्या हक्कांचा करार घ्या : कलम ९ सुगमतेचं, कलम ३० संस्कृती, खेळ आणि करमणुकीतल्या सहभागाचं, आणि कलम ४ मध्ये अपंग मुलांसह सर्वांशी सल्लामसलत करण्याचं बंधन. आपल्या देशाचा कायदा आणि मापांची नियमावली जोडा. मापं थोडी वेगळी असतील तर तिथली धरा.

तीन महिन्यांनी पुन्हा जा, न कळवता. या वेळी टेप नको, घड्याळ पुरे. दोन मित्र एकदमच फाटकातून निघू देत, एक पायऱ्यांनी, एक व्हीलचेअरवरून, आणि दोघं एकाच टेबलाशी किती मिनिटांच्या फरकानं पोचतात ते लिहा. पहिल्या पाहणीतही हेच मोजून ठेवा आणि तो आकडा त्याच्या शेजारी ठेवा.